सहावा हात

हॅमननं कोर्टाच्या कारकुनाला सहावं नाव सांगून टाकलं ते बायकोला न विचारता, आणि हेल्डनांच्या घरात त्या आठवड्यात जे काही झालं त्याची सुरुवात तिथून झाली. रंगारी म्हणून हॅमनचं नाव चार गावांत होतं. नुसत्या वासावरून निळीचं पीप कधी तयार होईल ते तो सांगायचा. पण बायकोच्या मनात काय चाललंय, ते ती समोर उभी राहून ओरडली तरी त्याला उशिराच कळायचं.

"सबिना हेल्डन, असं लिहून घेतलंय त्यानं," तो जेवायला बसता बसता म्हणाला. "झाल्या सहाजणी. गुरुवारी सुनावणी."

सबिना वाटाण्याचं कढण वाढत होती. तिचा हात तसाच भांड्यावर थांबला.

"कुणाला विचारून?"

"अगं, त्यात विचारायचं काय? घरची बाई आहेस."

"घरची बाई म्हणून खोटी शपथ घेऊन नरकात जाऊ?"

"जेवताना नरक नको," अविसबाई म्हणाल्या. त्या हॅमनच्या आई. ब्रेडचा वरचा कडक भाग काढून मऊ तेवढा खात होत्या. "आणि कढण वाढ आधी. थंड होतंय."

टेबलाच्या टोकाला इडोनिया मान खाली घालून बसली होती. हॅमनची धाकटी बहीण. तिच्या शेजारी तिची सतरा वर्षांची मुलगी क्लेमन्स. इडोनिया एकोणीस वर्षं राजाची बाई होती, आणि ही गोष्ट इंग्लंडात ज्याला माहीत नव्हती तो एकतर बहिरा असेल नाहीतर फ्रेंच. उन्हाळ्यात राजा वारला. पाद्री आत शिरायच्या आधीच तिला मागच्या दारानं बाहेर काढलं. शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. तेव्हापासून ती वेनफर्डला भावाच्या घरी होती आणि एकदाही रडली नव्हती.

राजा गेल्यावर तिच्या दिराला कंठ फुटला. हा फुल्क मार्श राजा जिवंत असेपर्यंत वहिनीसमोर टोपी काढून वाकायचा. आता त्यानं बिशपच्या कोर्टात अर्ज केला, की माझा भाऊ गॉडफ्री राजाच्या लढाईवर समुद्रापलीकडे असताना क्लेमन्स झाली, ती राजाची मुलगी, तेव्हा गॉडफ्रीचं एल्मस्टोचं घर आणि जमीन माझी. गॉडफ्रीला जाऊन चार वर्षं झाली होती. तो काही सांगायला येणार नव्हता.

कोर्टाचा नियम साधा होता. ज्या बाईवर आळ आहे तिनं पवित्र पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायची. मग गावातल्या सहा अब्रूदार बायकांनी एकेक करून हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'हिची शपथ खरी आहे असा माझा विश्वास आहे.' सहा हात पडले की बाई निर्दोष. एक जरी कमी पडला तर दोषी. मग नुसत्या आतल्या झग्यावर, अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन भर बाजारातून चर्चपर्यंत चालायचं.

"चालण्याचं मला काही नाही," इडोनिया म्हणाली. "राजवाड्यात याहून कमी कपड्यांत हिंडलेय मी."

"लाज नाही कार्टीला," आई म्हणाली.

"पण मी चालले की एल्मस्टो गेलं. आणि हिचं लग्नही." तिनं क्लेमन्सकडे बघितलं नाही. "एर्मिनाबाईंना सून हवीय ती एल्मस्टोसकट."

राजानं इडोनियाला काय दिलं ते तिलाच ठाऊक, पण आम्हा हेल्डनांना त्यानं भरपूर दिलं. राजवाड्यातल्या नोकरांचे निळे अंगरखे आमच्या पिपांतून निघायचे. रस्त्याकडच्या खिडकीला काच आली, तेव्हा ती बघायला लोक पलीकडच्या गावांतून आले होते. अविसबाईंच्या गळपट्ट्याला खारीची मऊ लव लागली. एकोणीस वर्षं सगळं घर त्या पलंगाच्या जिवावर जेवलं, आणि आता सगळ्या घरानं मिळून शपथ घ्यायची होती की पलंग नव्हताच.

"माझी तर बाई हिंमत होत नाही," पेट्रोनिला आत्या म्हणाली. ही अविसबाईंची नणंद, म्हणजे हॅमनची आत्या. बोलायला लागली की थांबायची नाही. "पुस्तकावर हात ठेवून खोटं! माझी जीभ झडली तर?"

"झडू दे, घराला शांतता मिळेल," अविसबाई म्हणाल्या. "मूर्ख आहात सगळ्या. आपण शपथ कशाची घ्यायचीय? ती राजाबरोबर होती की नव्हती याची? नाही. तिच्या बोलण्यावर आपला विश्वास आहे, एवढ्याचीच. मग विश्वास बसवून घेऊ. इडोनिया एकेकीला समोर बसवून सांगेल, की काही नव्हतं म्हणून. डोळे खाली न घालता. आपण ऐकायचं, मान डोलवायची. आपलं पाप तिथं संपलं. उरेल ते तिचं."

"पण मला माहीत आहे ना, वहिनी!"

"काय माहीत आहे? तू पाहिलंस?"

"पाहिलं नाही, पण सगळं गाव..."

"मग ऐकलंस. आता तिच्याच तोंडून उलटं ऐक."

पेट्रोनिला आत्यानं विचार केला आणि तिला ते पटलं. हॅमनलाही पटलं. सबिनानं कढणाचं भांडं उचललं आणि ती आत निघून गेली.

*

काचेच्या खिडकीखाली बसून इडोनियानं दोन दिवस खोटं सांगितलं.

ते तिला नीट येत होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, दोन भुवयांच्या मध्ये बघायचं. आवाज खाली ठेवायचा, घाई करायची नाही. दरबारात टिकायचं तर भाकरी चावण्याआधी हे शिकावं लागतं. आधी पेट्रोनिला आत्या आली, मग पाववाल्याची विधवा मेबल आणि तिची बहीण लेटिस. दोघी हातात हात धरून बसल्या, जसं काही दातच उपटून घ्यायला आल्या होत्या.

"राजे सारखे आजारी असायचे," इडोनिया म्हणाली. "मी औषध द्यायचे. वाचून दाखवायचे. लोकांना काय, दार बंद दिसलं की पुरे."

"तेच मी हिला म्हणत होते," मेबल लेटिसला म्हणाली. "औषधच असणार."

"तू कधी म्हणालीस?" लेटिस म्हणाली. "तू तर म्हणालीस, की त्या पलंगाला सोन्याचे..."

"गप्प बस गं. विश्वास ठेव."

मग एर्मिनाबाई आल्या, क्लेमन्सच्या होणाऱ्या सासूबाई. त्यांना विश्वास ठेवायला काहीच वेळ लागला नाही. त्या खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मला काही सांगू नका. मी आधीपासूनच ठेवलाय." आणि एल्मस्टोच्या कुरणात मेंढ्या किती राहतील ते विचारत बसल्या.

प्रत्येक वेळी तेच तेच बोलताना इडोनियाला एक विचित्र भीती वाटायला लागली. 'काही नव्हतं' म्हणताना खरंच काहीतरी निघून चाललं होतं. आधी राजांचा आवाज आठवायचा, बागेतून हाक मारतानाचा. मग नुसती औषधाची वाटी आठवायला लागली, जी खरं तर कधी नव्हतीच. ज्या माणसासाठी आपण सगळ्या जगाच्या शिव्या खाल्ल्या, त्याला आपणच पुसून टाकतोय, असं तिला वाटलं. पण रडू काही येईना.

शेवटी आई आली. बाकावर टेकली.

"हं. बोल."

"आई, तू तरी..."

"बोल लवकर. गुडघे दुखतायत माझे."

"काही नव्हतं, आई."

"वर बघ."

इडोनियानं वर बघितलं. भुवयांच्या मध्ये बघायचं ते आईच्या बाबतीत जमेना. डोळे सरळ डोळ्यांतच गेले. "काही नव्हतं."

अविसबाईंनी तिला बराच वेळ न्याहाळलं. "लहानपणी मध चोरलास तेव्हा याहून बरं बोलली होतीस," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "चालेल. बसला माझा विश्वास." दाराशी जाऊन त्या थांबल्या. पाठ फिरलेलीच होती. "सुखात ठेवलं ना गं त्यानं तुला?"

"काही नव्हतंच, तर सुखात कसे ठेवतील, आई?"

म्हातारी हसली. "आत्ता जमलं," असं म्हणून ती गळपट्ट्याची लव कुरवाळत निघून गेली.

*

सबिनाला समोर बसवायला कोणी गेलं नाही, कारण उपयोग नव्हता.

तिनं पाहिलं होतं. लग्न होऊन नवीनच असताना ती एकदा वन्संच्या आजारपणात राजवाड्याच्या मागच्या खोल्यांमध्ये राहिली होती. एका दुपारी दार ढकललं तर राजा शेकोटीपाशी अनवाणी बसून आक्रोड फोडत होता, आणि फोडलेले वन्संच्या तळहातावर ठेवत होता. सबिनाकडे बघून तो म्हणाला होता, 'ये, तूही घे.' तिनं घेतलाही होता. जगातल्या कुठल्याही शपथेनं तो आक्रोड तिच्या पोटातून आता बाहेर येणार नव्हता.

आणि पोटात आता दुसरंही कोणी होतं. आधीची दोन गेली होती. या खेपेला पाचवा महिना लागला तरी ती अजून त्याबद्दल मोठ्यानं बोलायला भीत होती.

"एवढुसं वाक्य आहे," हॅमन म्हणाला. अंगणात निळ्या कापडाच्या घड्या तो दोरीवर पसरत होता, हवा लागून रंग चढत होता. "बाकीच्या पाचजणी म्हणतायत. तुझ्याच जिभेला काय काटे आहेत?"

"त्यांनी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

"विसर!"

"तुम्ही विसरा ना मग. राजवाड्याचं काम विसरा, काच विसरा. मी मुलाला घेऊन पुस्तकावर हात ठेवायचा? मी एकटी आहे का सध्या?" तिनं झग्यावरून पोटावर हात धरला. "क्लेमन्ससाठी मी माझं ताट देईन. माझी खोली देईन. तिचं लग्न मोडलं तर तिला जन्मभर सांभाळीन, तोंड वाकडं करणार नाही. पण शपथ मागू नका."

"आई, सांग हिला!"

अविसबाई ऊन खात बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता सुनेची धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, "पोटुशी बाईवर जबरदस्ती करू नये, हॅमन. दुसरी शोध."

"आता कुठून शोधू? गावात फुल्कनं सगळ्यांचे कान भरलेत. त्याच्या धाकानं रंगवलेलं कापड न्यायलासुद्धा कोणी येत नाही!"

इडोनिया बादलीतलं ओलं कापड पिळत होती. राजाच्या बाईचे हात पुन्हा मनगटापर्यंत निळे झाले होते. "दादा, सोड," ती म्हणाली. "वहिनीचं बरोबर आहे."

सबिनाला तिचा राग यायचा तो याच गोष्टीचा. मनापासून द्वेष करायला बसावं तर ही बाई नेमकी त्या वेळी चांगली वागायची. "वन्सं, माझी बाजू घेऊ नका," ती म्हणाली. "मला अजूनच वाईट वाटतं."

"मग नाही घेत," इडोनिया म्हणाली आणि पिळलेल्या कापडाचं दुसरं टोक तिनं सबिनाच्या हातात दिलं. दोघींनी मिळून ते झटकून वाळत घातलं. हॅमन शिव्या देत बाहेर निघून गेला. मनातून सगळेच म्हणत होते, की ऐन वेळी सबिना नरमेल. घरच्या बाया शेवटी नरमतातच, असा हेल्डनांचा जुना समज आहे आणि त्यापायी आम्ही बऱ्याचदा तोंडावर आपटलो आहोत.

*

क्लेमन्सनं हे सगळं ऐकलं होतं. तिच्याबद्दल बोलताना ती घरात आहे याचं भान कोणालाच राहत नसे.

बुधवारी संध्याकाळी आई नदीवर कापड धुवायला निघाली तेव्हा ती मागोमाग गेली. फुल्ककाकाची माणसं सकाळीच एल्मस्टोला जाऊन कुंपण मोजून आली होती, हे तिला बाजारात कळलं होतं. त्या घराच्या मागे सफरचंदाची झाडं होती आणि त्यांच्याखाली बाबांना पुरलं होतं. फुल्क पहिली ती झाडं तोडणार, हे त्यानं हसत हसत सांगितलं होतं म्हणे.

"मला कोणी समोर बसवलंच नाही," ती म्हणाली.

"कशाला?"

"सगळ्यांना सांगितलंस ना, काही नव्हतं म्हणून. मेबललासुद्धा. मला नाही सांगितलंस."

इडोनियानं कापड दगडावर ठेवलं. भुवयांच्या मध्ये बघितलं, आवाज खाली आणला. "क्लेमन्स, राजे सारखे आजारी..."

"आई. नको ना."

नदीला बऱ्यापैकी पाणी होतं. इडोनियानं कापड उचलून पुन्हा पाण्यात बुडवलं. मग म्हणाली, "होतं. एकोणीस वर्षं होतं. पहिली दोन भीतीपोटी होतं, मग मला ते आवडायला लागले."

"आणि मी?"

"तू त्यांची."

क्लेमन्स दगडावर खाली बसली. तिला वाटलं होतं की आपण ओरडू. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बाबांना माहीत होतं?"

"लढाईवरून घरी आला तेव्हा तू पाळण्यात होतीस. महिने मोजता येत होते त्याला. मी कोपऱ्यात उभी होते, म्हटलं आता मारतो की हाकलतो. त्यानं तुला उचललं, उजेडात नेलं, आणि नोकरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, 'हनुवटी बघा, अगदी माझ्या आईची.'" इडोनियाचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुझ्या हनुवटीचा आणि त्याच्या आईचा काहीएक संबंध नाही. ती म्हातारी घुबडासारखी होती."

क्लेमन्सला हसू आलं. खांद्यावर बसवून एल्मस्टोची सगळी शेतं दाखवणारा तो जाडा माणूस तिला आठवला. बाबा तिचेच होते. उद्या कोणी कुठल्याही पुस्तकावर काहीही म्हटलं तरी.

"हे दुसऱ्या कोणाला सांगू नकोस," आई म्हणाली. "तुझ्याशी खोटं बोलता येईना म्हणून बोलले. नाहीतर तुलाही बसवलं असतं खिडकीखाली."

"मला सांगितलंस ते बरं केलंस," क्लेमन्स म्हणाली, आणि बादलीचा दुसरा कान धरून उठली.

*

बिशपचा अधिकारी सर्दीनं बेजार होता. चर्चच्या बाजूच्या खोलीत टेबल मांडलं होतं, त्यावर पुस्तक. तो पुस्तकापेक्षा हातरुमालाकडे जास्त लक्ष देत होता. अर्धं गाव दारात कोंबलं होतं. फुल्क मार्श नवीन बूट घालून पुढे उभा होता.

इडोनियानं हात ठेवला. "राजाशी माझा कधीही संबंध आला नाही. माझी मुलगी माझ्या नवऱ्याची, गॉडफ्री मार्शची." आवाज स्वच्छ होता. आतून तिला वाटलं, संपलं; आता राजे खरंच कुठेच उरले नाहीत.

"हात कोण कोण देतंय?" अधिकारी शिंकला.

अविसबाईंनी हात ठेवला आणि एका दमात वाक्य म्हणून टाकलं. मग पेट्रोनिला आत्या. तिला एवढ्या मोठ्या लोकांसमोर नुसतं एक वाक्य बोलून परतणं जिवावर आलं. "माझा पूर्ण विश्वास आहे," ती म्हणाली. "काही म्हणजे काही नव्हतं. नुसतं औषध! मी तर म्हणते, राजाला तेवढी ताकदच..."

"बाई," अधिकारी म्हणाला, "ताकदीचं विचारलेलं नाही."

लोक हसले. मेबल आणि लेटिसनं एकदमच हात ठेवले, त्यांना वेगवेगळे ठेवायला लावले. एर्मिनाबाईंनी बोलताना फुल्ककडे असं बघितलं, की त्यानं तोंड फिरवलं.

"सबिना हेल्डन."

मागे गर्दीत सबिना उभी होती. हॅमननं तिच्या कोपराला हळूच ढोसलं. ती पुढे आली नाही.

"मी नाही घेणार," ती म्हणाली. "माझं नाव मला न विचारता दिलंय."

खोलीत कुजबुज उठली. हॅमनचा चेहरा पांढरा पडला. फुल्क हसला, अगदी मोकळं हसला, आणि म्हणाला, "पाचच. मेणबत्ती मी आणून देतो, वहिनी. चांगली जाड बघून."

"सहावा माझा घ्या," क्लेमन्स म्हणाली.

ती टेबलापाशी कधी आली ते कोणाला दिसलं नव्हतं.

"हिचा कसा चालेल?" फुल्क ओरडला. "हिला तर फायदा आहे यात!"

"फायदा इथे सगळ्यांनाच दिसतोय," अधिकारी नाक पुसत म्हणाला. त्यानं कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं मान हलवली. "वय आहे. हिच्या अब्रूबद्दल कोणाची तक्रार आहे? नाही."

"तिच्या जन्माआधीचं तिला काय ठाऊक!"

"शपथ विश्वासाची आहे, माहितीची नाही. ठेव पोरी हात."

इडोनियाला आत्ता कळलं. खोलीत फक्त एकच व्यक्ती अशी होती जिला तिनं खरं सांगितलं होतं, आणि ती आता पुस्तकाकडे हात नेत होती. बाकीच्या पाचजणींना तिनं खोटं सांगून वाचवलं होतं. हिला वाचवायला एक वाक्य पुरलं असतं: 'थांब, मी होते त्यांच्याबरोबर.' तिचं तोंडही उघडलं. मग तिला एल्मस्टो दिसलं, ती झाडं दिसली, फुल्कचे नवीन बूट दिसले, आणि तिनं ते वाक्य गिळून टाकलं. यापेक्षा वाईट काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं, राजवाड्यातसुद्धा नाही.

क्लेमन्सनं हात ठेवला. "माझ्या आईची शपथ खरी आहे," ती म्हणाली, "असा माझा विश्वास आहे."

*

घरी हॅमननं बिअरचं पीप फोडलं. बदक भाजलं होतं. बायकोशी तो बोलत नव्हता, पण तिच्या ताटात मांड्या त्यानंच वाढल्या. पेट्रोनिला आत्या आपण काय बोललो आणि अधिकारी कसा गप्प झाला ते चौथ्यांदा सांगत होती. एर्मिनाबाई लग्नाचा दिवस ठरवत होत्या. फुल्क बाजारातून जाताना मेबलनं त्याच्या बुटांवर पाण्याची बादली ओतली होती, चुकून, असं तिचं म्हणणं होतं.

क्लेमन्स पोटभर जेवली. दोनदा मागून घेतलं. सबिना तिच्याकडे एकदा बघायची आणि एकदा आपल्या ताटाकडे.

इडोनियानं ताट तसंच बाजूला सारलं. ती उठून मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळानं क्लेमन्स हात धुवायला आली.

"तुला त्रास झाला का गं?" इडोनियानं विचारलं.

"तेच सांगायला आले." क्लेमन्स बोटं पुसत होती. "काहीच झालं नाही, आई. मला वाटलं हात जळेल, घेरी येईल. हात ठेवला, बोलले, उचलला. इतकं सोपं असतं? तुलाही पहिल्यांदा असंच झालं होतं?"

"हो," इडोनिया म्हणाली, आणि राजा गेल्यापासून जे येत नव्हतं ते रडू तिला तिथे उभ्या उभ्या आलं. राजासाठी आलं की गॉडफ्रीसाठी की या पोरीसाठी, तिला वेगळं करता येईना. "मी थांबवायला हवं होतं तुला. मी तोंड उघडलं होतं. तुझा माझ्यावर राग असेल. असायलाच हवा."

क्लेमन्सनं आईचे निळे हात आपल्या हातांत घेतले. मान वर केली. तिची नजर आईच्या चेहऱ्यावर स्थिर होती, आवाज खाली होता, आणि तिला कसलीच घाई नव्हती.

"नाही गं आई," ती म्हणाली. "तुझ्यावर माझा मुळीच राग नाही."

इडोनियानं तिच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा बघितलं. एकोणीस वर्षं ती राजाच्या दरबारात वावरली होती, आणि आपली मुलगी खरं बोलतेय की खोटं, ते तिला ओळखता येईना.